कुंकवाच्या रेघा

तानुबाईच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंत दाखवली जायची. लोक टीव्ही दाखवतात, शोकेसमधल्या बाहुल्या दाखवतात, पोरानं शाळेत मिळवलेले कप दाखवतात. तानुबाई भिंत दाखवायची. दाराच्या उजव्या अंगाला, बाहेरून, विटांच्या भिंतीवर, कुंकवाच्या आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. एक घोट्याएवढी. दोन गुडघ्याच्या आसपास. एक कमरेच्या जरा वर. आणि एक पार दाराच्या कडीपाशी. "ही बघा," त्या शेवटच्या रेघेवर बोट टेकवून ती सांगायची, "त्या साली गंगा कडी वाजवून गेली आमची!" आणि वर असं खळखळून हसायची, की पाहुण्याला वाटावं, गंगा म्हणजे हिची थोरली नणंदच असणार.

नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणतो तो बाहेरगावचा. इथल्यांची ती गंगा. तानुबाईची वस्ती पंचवटीच्या खालच्या अंगाला, अगदी गंगेच्या काठाला चिकटलेली. खाली छातीभर विटा, वर पत्रे, आणि पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड नाहीतर जुने टायर. उन्हाळ्यात घरात बसवत नाही, वादळात झोपवत नाही, आणि वर घाटमाथ्यावर धो धो कोसळून धरणाचे दरवाजे उघडले की घरात उभंही राहवत नाही, असा तो सगळा थाट.

भिका आणि तानुबाई वणीकडच्या खेड्यातून इथं आले ते एक्क्याण्णव साली. सिंहस्थ तोंडावर होता, शहरात हाताला काम होतं. भिकानं भाजीबाजारात हातगाडी धरली, तानुबाई रामकुंडाच्या वाटेवर झेंडूचे हार ओवत बसली. राहायला जागा शोधताना काठावरचा हा तुकडा रिकामा दिसला, तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं होतं. देवाच्या दारात, बाजाराला जवळ, पाणी हाताशी. एवढी मोक्याची जागा आणि लोकांनी कशी काय सोडली बाई? दुसऱ्या पावसाळ्यात ते कळलं.

भिकाच्या खांद्यावर चार वर्षांची रूपाली, तानुबाईच्या डोक्यावर गोधड्या, असे ते वरच्या शाळेत पळाले. दोन दिवसांनी परत येऊन बघतात तर घरभर गाळ, चुलीत बेडूक, आणि बाजरीचा डबा गायब. तानुबाईनं त्या गाळातच बसकण मारली आणि गळा काढला. तेवढ्यात शेजारची कलाबाई आली. कलाबाईचा आवाज असा, की तिनं घरात कढीला फोडणी दिली तरी वस्तीला कळावं. हातात वाटी, वाटीत तेलात कालवलेलं कुंकू.

"रडतीस काय गं? माहेरवाशीण येऊन गेली. पाणी कुठवर आलं होतं? तिथं रेघ ओढ. तिची ओटी भर नि तिला सांग, बाई, हितवर आलीस, पावलं आम्हाला. आता ह्याच्या वर येऊ नगंस."

वस्तीतल्या बायांची ही जुनी रीत होती. कुणी काढली ते कुणालाच माहीत नव्हतं. तानुबाईनं नाक ओढत ओढत रेघ मारली, तांदळाच्या मुठीनं आणि खणानं गंगेची ओटी भरली, आणि काय सांगावं, तिला बरं वाटलं. रडून झालेलं होतंच, आता रेघ ओढून झाल्यावर निदान कुणाला तरी चार शब्द सुनावल्यासारखं झालं.

तिथून पुढं ती पुराची पक्की जाणकार झाली म्हणा ना. मृग निघाला की घर टांगायचं. वरच्या पायपांना दोऱ्या, दोऱ्यांना पिशव्या, पिशव्यांत संसार. कपडे वर, भांडी वर, रूपालीचं दप्तर वर. गंगेच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागल्याची हाळी आली की बाजरीचा डबा पहिला माळ्यावर. मारुतीच्या कमरेला लागलं की माणसं शाळेत. मग वस्तीत एकच धावाधाव, भांड्यांचा खणखणाट, पोरांच्या आरोळ्या, बायांची एकमेकींना बोलावणी. तो गलका तानुबाईच्या अंगात इतका मुरला होता, की झोपेतसुद्धा तिचा हात आधी डब्याकडं जायचा.

आणि ह्या सगळ्यात ती हसत असायची, ही खरी गंमत. शाळेच्या वर्गात वीस बिऱ्हाडं गोधड्या टाकून पडलेली, बाहेर पाऊस, आणि तानुबाई मध्ये बसून भिकाची नक्कल करतेय, पाणी आलं तेव्हा ह्यांनी पहिली काय वाचवली तर तंबाखूची चंची! भिका कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसायचा. तो बोलायचा कमी. बोलायचं काम बायकोनं घेतलेलं असल्यावर माणूस मोकळा राहतो.

पण एक गोष्ट होती, ती निघाली की तानुबाईचं हसू मावळायचं. रूपालीचं लग्न.

रूपाली दहावी झाली, शिवणाच्या क्लासला गेली, वस्तीतल्या अन् वस्तीबाहेरच्या बायांचे ब्लाउज शिवायला लागली. दिसायला नीटस, बोलायला गोड, हात चालता. स्थळं यायची. सिन्नरकडचं एक आलं. मुलाच्या बापानं पोहे खाल्ले, भिंतीवरच्या रेघा न्याहाळल्या, तानुबाईनं कौतुकानं सांगितलेला सगळा इतिहास ऐकून घेतला आणि उठताना म्हणाला, "म्हंजे पावसाळ्यात आमच्या पोराची सासुरवाडी शाळेत का?" दुसरे आले ते काही बोललेच नाहीत, नुसते गेले ते गेले.

तानुबाईला हे लागलं. आपल्या घराला कुणी हसलं तर तिला चालायचं, ती स्वतःच हसायची. पण ह्या भिंतीपायी लेक घरात बसायची वेळ आली, म्हणजे झालं का! "मला दुसरं काय बी नगं," ती कलाबाईला म्हणायची. "बंगला नगं, दागिना नगं. पोरीचा संसार जमिनीवर बसावा. धान्याचा डबा कोपऱ्यात ठिवला की ठिवला. पुन्हा उचलायची पाळी येऊ नये. एवढंच मागणं हाय माझं."

दुसरा सिंहस्थ होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. तानुबाईचा भाऊ रंगनाथ वणीहून एक स्थळ घेऊन आला. मुलगा किशोर, मनमाडचा, एका ठेकेदाराकडं फिटर. वडील खंडेराव रेल्वेत गँगमन. मूळचे वणीकडचेच, सगळं ओळखीपाळखीचं. आई नवसाबाई मात्र कडक.

"ताई," रंगनाथ म्हणाला, "घर बघायला स्वतः येणार हाय ती. बारीक नजर हाय बाईची. ह्या रेघा पुसून टाक."

"पुसून?"

"मग काय! तिला काय गंगेचा हिशेब द्यायचाय? उन्हाळ्यात येतीया, नदी गपगार. नदीकाठचं घर, हवा चांगली, देवाचं दार. बास."

रूपालीनं तोंड उघडलं. "आई, खोटं किती दिवस झाकणार? जुलै काय येणारच नाय का?"

"जुलै यील तवा यील. तू गप बस."

तानुबाईनं चुना आणला, भिजवला, आणि भिंतीसमोर उभी राहिली. कुंचा हातात, हात पुढं होईना. मागून कलाबाई ओरडली, "अगं, तिची हद्द पुसतीस व्हय? उद्या तिला कसं कळायचं कुठवर थांबायचं ते?" पण तानुबाईनं डोळे मिटून कुंचा फिरवला. एक हात, दोन हात, तीन हात. रेघा गेल्या. भिंत पांढरीशुभ्र झाली, आणि घर कसं दुसऱ्याच कुणाचं दिसायला लागलं.

चैत्रात नवसाबाई आली. उंच, हाडापेराची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. घरात पाऊल टाकताच तिनं छप्पर पाहिलं, चूल पाहिली, रूपालीला पाहिलं. रूपालीवर तिची नजर ठरली, हे तानुबाईनं टिपलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण मग बाईचं एक विचित्र सुरू झालं. पाणी दिलं, ते तिनं घटाघटा प्यायलं आणि तांब्या पुन्हा पुढं केला. वस्तीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता, तिथं बाया धुणं धूत होत्या, तर ही दारातून मान लांब करून तिकडंच बघत बसली. नळाखाली भरलेली बादली ओसंडून वाहत होती. नवसाबाईचा हात मांडीवर उगीच चुळबुळत होता.

"काय बघता, ताई?" तानुबाईनं घाबरत विचारलं. ही बाई नदीकडं तर बघत नाही ना, ह्या विचारानं तिला घाम फुटला होता.

"काय नाय. हवा चांगली हाय तुमच्याकडं."

"तर! हवेला तोटा नाय. तुमच्याकडं मनमाडात कसं हाय सगळं?"

"सगळं हाय," नवसाबाई जरा घाईनंच म्हणाली. "रेल्वे हाय, बाजार हाय. काय कमी नाय पोरीला." आणि तिनं पदरानं तोंड पुसून विषय रुखवताकडं वळवला.

स्थळ ठरलं. तानुबाईनं वस्तीभर पेढे वाटले. देण्याघेण्याची बोलणी होईस्तोवर वैशाख सरला आणि अधिक महिना लागला. अधिकात कोण लग्न लावतं? पुढचा चांगला मुहूर्त निघाला तो थेट आषाढात, भर पावसाचा. तानुबाईनं भटजींना दहादा विचारलं, अलीकडचा नाही का हो एखादा, अगदी लहानसा? भटजी म्हणाले, मुहूर्त लहान-मोठा नसतो. झालं. लग्न वरच्या गल्लीतल्या देवळाच्या सभागृहात ठरलं, तेवढाच एक धीर. पण हळद घरची.

आता इथं एक रीत सांगायला हवी. नवऱ्या मुलाला हळद लागते, त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, नवरीला लावायची असते. ती नवऱ्याकडच्या बाया घेऊन येतात. एरवी दोन करवल्या आल्या तरी भागतं. पण नवसाबाईनं निरोप धाडला, हळद घेऊन मी स्वतः येते.

हळदीच्या दिवशी सकाळपासून पाऊस धरून होता. दुपारी रिक्षावर कर्णा लावून माणूस फिरून गेला, धरणातून पाणी सोडलंय, काठावरच्यांनी सामान हलवा. तानुबाईनं कपाळावर हात मारला. "आजच? वर्षाचे एवढे दिवस मेले होते का गं, बये?" हे ती गंगेला म्हणाली, माणसाला नाही.

मग धावाधाव. पण ही लग्नघरची धावाधाव, रडत कोण करणार? शेजारपाजार झाडून सगळे लागले. रुखवतातल्या करंज्यांचे, साटोऱ्यांचे डबे डोक्यांवर चढले. शालू कलाबाईनं पोटाशी धरला. जेवणाची मोठी पातेली चौघांनी उचलून शाळेत नेली. अंगाला हळद लागायची म्हणून जुनं पातळ नेसलेली रूपाली पत्र्याची पेटी-बिटी, पूजेचं ताट, सगळं वर पोचवत होती, आणि मध्येच आईकडं बघून म्हणत होती, "जुलै आला बरं का, आई." तानुबाईला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

"अवं," ती भिकाला म्हणाली, "तुम्ही पंचवटी कारंज्यावर जाऊन उभं ऱ्हावा. विहीणबाईंची जीप आली की परस्पर देवळात न्या. सांगा, हळद तिथंच ठिवलीय. हिकडं फिरकू देऊ नका त्यांना. काय बी करा."

"काय बी करतो," म्हणून भिका छत्री घेऊन गेला. आणि तासाभरानं काय बघावं? उतारावरून भिका येतोय, आणि त्याच्या मागं साडीचा ओचा वर खोचून, हातात हळदीची वाटी पदरानं झाकून, नवसाबाई. मागं दोन करवल्या, सँडल हातात.

"म्या सांगितलं," भिका लांबूनच म्हणाला. "त्या ऐकंनात."

"हळद नवरीला तिच्या उंबऱ्यावर लावायची असती," नवसाबाई कडाडली. "देवळाच्या हॉलात कसली हळद? कुठं हाय तुमचा उंबरा?"

उंबरा गुडघाभर पाण्यात होता.

तानुबाई दारातच उभी होती, शेवटची परात हातात धरून. गढूळ पाणी भिंतीला चाटत होतं. पावसाची झोड सकाळपासून भिंतीवर बसली होती, चुना पार भिजला होता, आणि भिजल्या चुन्यातून आतलं सगळं वर आलं होतं. तेलातलं कुंकू ते. चुन्याला थोडंच दबतंय? घोट्याची पाण्यात बुडालेली, गुडघ्याच्या पाण्याला टेकलेल्या, पण दिसत होत्या त्या साऱ्या रेघा लालभडक, एकीवर एक, कडीपर्यंत.

नवसाबाई पाण्यातून चालत चालत दारापाशी आली. तिनं रेघांकडं पाहिलं, मग पाण्याकडं, मग पुन्हा रेघांकडं. "हे काय हाय?"

तानुबाईला खोटं सुचेना असं नाही. दोन-तीन सुचली होती. पण रेघांच्या समोर उभं राहून तिला ते बोलवेना. तिनं परात खाली सोडली, ती तरंगत बाजूला गेली.

"गंगेच्या रेघा हायेत, ताई. जिथवर पाणी येतं तिथं ओढतो. तुम्ही आला तवा म्या चुना लावून झाकल्या. ह्या भिंतीपायी दोन स्थळं मोडली पोरीची. वाटलं, तुम्ही बघशिला नि उठून जाशिला. घर असं हाय आमचं. दर पावसाळ्यात टांगतो नि उतरवतो. पोरीचा ह्यात काय दोष नाय. ती सांगत व्हती मला, खोटं बोलू नगं म्हणून. मारायचं तर मला मारा, पण माझ्या पोरीला नाय म्हणू नका, पाया पडते तुमच्या." आणि ती खरोखरच त्या पाण्यात वाकली.

कलाबाईसुद्धा गप्प होती, ह्यावरून काय ते समजा.

नवसाबाईनं तिला खांद्याला धरून उठवलं. तिचा चेहरा कसातरीच झाला होता. ती पाण्याकडं बघत होती. उंबऱ्याला लागून, पायऱ्यांवरून, गल्लीभर पसरलेल्या त्या पाण्याकडं.

"एवढं पाणी," ती म्हणाली. "दारात. न बोलावता."

"व्हय, ताई."

"आणि आमच्याकडं..." बाईचा आवाजच फुटला. "विहीणबाई, आमच्या मनमाडात नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नसतं. उन्हाळ्यात महिना जातो. अंघोळीचं पाणी परातीत धरून त्यानं धुणं धुतो, धुण्याचं तुळशीला घालतो. तुमच्या हितं तांब्याभर पाणी दुसऱ्यांदा मागितलं, तर मलाच लाज वाटली. किशोरला दोन पोरींनी नाय म्हणलं. एकीचा बाप तर म्हणला, लेक देतो का पाणक्या देतो? म्हणून म्या तुम्हाला सांगितलं, सगळं हाय. काय डोंबल हाय!"

मग भिका, जो वर्षात चार वाक्यं बोलायचा, शांतपणे म्हणाला, "मग जमलं की."

आणि ह्या दोघी अशा हसायला लागल्या! गुडघाभर पाण्यात, एकीच्या हातात हळद, दुसरीच्या डोळ्यांत पाणी, एकमेकींच्या गळ्यात पडून नुसत्या हसतायत. करवल्या हसायला लागल्या, कलाबाईनं तर बोंबच ठोकली. रूपाली धावत आली. तिला त्याच उंबऱ्यावर, पाण्यात उभी करून, नवसाबाईनं गालाला, हाताला, पायाला हळद लावली. पायाची हळद लावायची आणि गंगा ती लगेच धुऊन न्यायची. "लाव बाई, तू बी लाव," नवसाबाई खाली बघून म्हणाली आणि उरलेली वाटी तिनं पाण्यात सोडून दिली.

देवळाच्या गल्लीतही संध्याकाळपर्यंत पाणी शिरलं, म्हणून लग्न दुसऱ्या दिवशी शाळेतच लागलं. आता शाळेत साठ बिऱ्हाडं! म्हणजे आमंत्रण न देता वऱ्हाड तयार. अंतरपाट धरला तो फळ्यासमोर, फळ्यावर अजून सातचा पाढा लिहिलेला. मनमाडची मंडळी टेम्पोतून आली, खंडेराव भिजलेला फेटा पिळत उतरले, आणि किशोर पोरांच्या बाकांमधून वाट काढत बोहल्यावर आला. अक्षता टाकायला लोक गोधड्यांवरून उठून उभे राहिले. ज्या म्हाताऱ्यांना उठवत नव्हतं त्यांनी पडल्या पडल्या टाकल्या. वर्गावर्गांतून पंगती बसल्या. बुंदी पुरली, भात पुरला, आमटी तर दुसऱ्या दिवशीही होती. कुणीतरी म्हणालं, पूर यावा तर असा. तानुबाईनं त्याला दोन शिव्या घातल्या आणि आणखी बुंदी वाढली.

पाणी ओसरलं. निघायच्या आधी नवसाबाई म्हणाली, मला घर बघायचंय. गाळ तुडवत दोघी गेल्या. ओली खूण कमरेच्या रेघेला भिडून थांबली होती, वर गेली नव्हती. "बघ," कलाबाई म्हणाली, "चुना लावलास तरी तिला वाचता येतंय." नवसाबाईनं तेलात कुंकू कालवून घेतलं आणि ती रेघ स्वतःच्या हातानं ओढली. जरा वाकडी आली. तानुबाईनं ती तशीच ठेवली, आणि पुढं दर दिवाळीला चुना लावताना रेघा सोडून लावायला लागली.

आणि पाठवणी! मुलीला पाठवताना लोक काय काय देतात. रूपालीच्या टेम्पोत, फुलांच्या माळांखाली, नळाच्या पाण्यानं भरलेले सहा कॅन आणि एक पिंप होतं. भिकानं भरून ठेवलं होतं, कुणाला न विचारता. नवसाबाई पिंपाला धरून बसली होती. सांडू नये म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात रूपालीचं डोहाळजेवण होतं. तानुबाई पहिल्यांदा राहायला म्हणून मनमाडला गेली. लहानसं दोन खोल्यांचं घर, खाली शहाबादी फरशी. दुपारचं जेवण झालं, तिला जरा डुलकी लागली. आणि अचानक बाहेर गल्लीत गलका उठला. धावणारी पावलं, भांड्यांचा खणखणाट, बाया एकमेकींना हाका मारतायत, पोरं ओरडतायत.

तानुबाई ताडकन उठली. डोळे धड उघडलेही नव्हते. कोपऱ्यातला बाजरीचा डबा तिनं छातीशी कवटाळला, स्टूल ओढलं, वर चढली आणि डबा माळ्यावर सरकवू लागली. मग तिला गादी दिसली, तीही एका हातानं ओढायला लागली.

दारात रूपाली उभी होती, पोटावर हात धरून, दुसऱ्या हातात रिकामी कळशी. बाहेर नळाला पाणी आलं होतं, बऱ्याच दिवसांनी, आणि सगळं गाव भांडी घेऊन धावत होतं. ती आईकडं बघत राहिली. स्टुलावर उभी आई, पदर सुटलेला, डबा अर्धा माळ्यावर, अर्धा हातात.

तिनं कळशी ठेवली, जवळ आली, आणि वर हात करून डबा धरला.

"आई," ती म्हणाली, "दे इकडं. खाली ठेवते. इथं काय बुडत नाय."

तानुबाईनं डबा सोडला. रूपालीनं तो कोपऱ्यात ठेवला, होता त्याच जागी. फरशीवर त्याच्या बुडाची गोल खूण पडलेली होती, इतके दिवस तो तिथून हललाच नव्हता. तानुबाई स्टुलावरून उतरली आणि त्या खुणेकडं बघत मटकन खाली बसली. मग ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता स्वतःलाच हसली.

"अहो विहीणबाई!" बाहेरून नवसाबाईची हाळी आली. "बसलाय काय? या की भरू लागायला! तुमची गंगा आलीया आमच्याकडं, चार घागरींपुरती!"

तानुबाई डोळे पुसून बाहेर गेली. मोरीतल्या निळ्या पिंपावर कुंकवाच्या आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक. प्रत्येक पाण्याला कुठवर भरलं, ते रूपालीनं ओढून ठेवलं होतं. त्या दिवशी पिंप काठोकाठ भरलं. नवसाबाईनं कुंकवाची वाटी तानुबाईच्या हातात दिली, आणि तानुबाईनं सगळ्यांत वरची रेघ ओढली.